सत्तावीस भाऊसाहेब

कृतिकाने ठरवलं म्हणजे ठरवलं. लक्ष्मीबाई नगरच्या मराठी मंडळाचा पुस्तक-अदलाबदलीचा कार्यक्रम ती एकटी करणार होती, आणि असा करणार होती की दिल्लीतल्या मराठी माणसांनी पुढची दहा वर्षं दुसरं काही बोलूच नये. सोळा वर्षांच्या पोरीत एवढा कॉन्फिडन्स येतो कुठून, असं तिच्या आईला वाटायचं. कृतिकाचं म्हणणं, तो येत नसतो, असतोच. बाकीचे शाळेत जाऊन तो घालवतात.

ही शाळेत जात नव्हती. अकरावीत फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर गणित चुकवलं, हिने ते भर वर्गात दाखवलं, सरांनी हिला वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर उभी राहायची ती सरळ घरी आली आणि परत गेलीच नाही. तिच्या बाबांनी, म्हणजे दीनानाथनी, समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं, एक दिवस जेवण सोडून पाहिलं. शेवटी त्यांनी ब्रह्मास्त्र काढलं: सातारा. साताऱ्याला त्यांची बहीण सुनीती, म्हणजे कृतिकाची आत्या, मुख्याध्यापिका होती. आत्या पहाटे पाचला उठवते, मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवते आणि हसताना सुद्धा मार्क विचारते. जूनमध्ये कृतिकाने तिकडे जाऊन अकरावी पुन्हा करायची, असं ठरत आलं होतं.

पण दीनानाथ मंडळाचे सेक्रेटरी होते, आणि मंडळात काम करायला कुणीच तयार नव्हतं. कृतिकाने नेमकं तिथेच त्यांना पकडलं. मेच्या शेवटच्या रविवारचा कार्यक्रम मी करते, म्हणाली, मग सातारा विसरायचं. दीनानाथ सरकारी माणूस. त्यांनी अट घातली: एकही तक्रार येता कामा नये. एक जरी आली तरी निजामुद्दीनहून पहिल्या गाडीचं तिकीट.

"डन," कृतिका म्हणाली.

तिची आयडिया खरोखर भारी होती, हे मान्यच करायला हवं. प्रत्येकाने घरातलं एक पुस्तक आणायचं, पण वर्तमानपत्रात गुंडाळून. नाव लिहायचं नाही. वरती फक्त एक ओळ लिहायची, पुस्तक कसं आहे त्याची. सगळी टेबलावर मांडायची, ज्याने त्याने ओळ वाचून एक उचलायचं, आणि जे निघेल ते मुकाट घरी न्यायचं. बदलून मिळणार नाही. अध्यक्ष म्हणून भाऊसाहेब येणार होते आणि पहिलं पुडकं ते उघडणार होते.

आता भाऊसाहेब कोण, ते सांगायला हवं. भाऊसाहेब म्हणजे कॉलनीतले सगळ्यात मोठे साहेब, जॉइंट सेक्रेटरी होऊन रिटायर झालेले. एकेकाळी दीनानाथचे बॉस. दीनानाथ अजूनही त्यांचा फोन उभं राहून घेतात. रिटायर झाल्यावर भाऊसाहेबांनी आत्मचरित्र लिहिलं, स्वतःच छापलं, नाव ‘टिपणीबाहेरचे दिवस’, पानं चारशे बारा, पुठ्ठ्याची बांधणी. अंगावर पडलं तर माणूस दवाखान्यात जाईल. आणि ह्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, जिथे बायका वाटी देतात, कंगवा देतात, फार तर प्लास्टिकचा डबा देतात, तिथे त्यांच्या बायकोने, कुमुदकाकूंनी, आलेल्या प्रत्येक बाईच्या हातावर वाण म्हणून ते पुस्तक ठेवलं. बायका तीळगूळ खायला आल्या होत्या, वीट घेऊन घरी गेल्या.

ही गोष्ट कृतिकाला माहीत होती. तिच्या स्वतःच्या घरात ते पुस्तक कूलरच्या खाली लावलेलं होतं. पण डोक्यात दहा वर्षांची कीर्ती चालू असताना माणसाला कूलर दिसत नाही.

रविवारी साडेचारला लोक हॉलमध्ये यायला लागले. सगळ्यात आधी आला परीक्षित. हा मुनिरकाला खोली घेऊन पीएचडी करणारा लातूरचा मुलगा. खोलीत पलंग नाही, पण जुन्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या चारशे. रविवारच्या जुन्या पुस्तकबाजारात हा सकाळी सहाला उभा असतो. त्याच्या डोक्यात वेगळाच हिशोब होता: सरकारी क्वार्टरं, पन्नास पन्नास वर्षांच्या बदल्या, साहेब लोकांची कपाटं, काय काय निघेल! त्यासाठी त्याने स्वतःचं एक जीव की प्राण पुस्तक आणलं होतं, बारीक, पिवळी पानं, आता कुठे मिळत नाही असं. टेबलावर ठेवताना त्याने त्या पुडक्यावर हात फिरवला. मुलगी सासरी पाठवल्यासारखा.

मग कॉलनी आली. पुडकी टेबलावर पडायला लागली. पडायला लागली म्हणजे अक्षरशः. टेबल प्रत्येक वेळी हलत होतं. कृतिकाची नजर तीक्ष्ण. पाचवं पुडकं आलं तेव्हा तिला वाटलं, सगळी एका मापाची कशी? दहावं आलं तेव्हा तिने वरच्या ओळी वाचल्या. ‘नवं कोरं, एकही पान उलटलेलं नाही.’ ‘घरात जागा नाही म्हणून देत आहोत, पुस्तक चांगलं असावं.’ ‘शांत झोपेसाठी.’ एकावर तर नुसतं लिहिलेलं, ‘वजन सव्वा किलो.’ आणि अठराव्यावर निळ्या शाईत, फाइलवर लिहितात तशा तिरक्या अक्षरात, ‘प्रेरणादायी.’ ते अक्षर तिने ओळखलं. ती तडक बाबांकडे गेली.

"बाबा, कूलर कशावर टेकवलाय आता?"

दीनानाथनी छताकडे पाहिलं. "दोन विटा आणल्यात मी," ते हळूच म्हणाले.

कृतिकाचं डोकं सटकलं. तिला समोरच्या प्रत्येकाला ओरडून विचारावंसं वाटलं की तुम्हाला लाज आहे का. पण तेवढ्यात दारात गडबड झाली. भाऊसाहेब आले, सफारी सूट, मागे कुमुदकाकू. दोघांच्याही हातात एकेक पुडकं होतं. दोन्ही पुडकी त्याच मापाची.

तिने धडपड केली. पुडकी टेबलाखाली सरकवायला घेतली, तर भाऊसाहेबांनीच तिला अडवलं, कौतुकाने म्हणाले, राहू दे बेटा, ढीग छान दिसतोय. वाचन-संस्कृतीवर ते वीस मिनिटं बोलले. मग टाळ्या झाल्या आणि त्यांनी पहिलं पुडकं उघडलं.

त्यांचंच पुस्तक. भाऊसाहेब खळखळून हसले. अरे, मी आणलेलं मलाच आलं, म्हणाले, नियम काहीही असो, मी दुसरं घेणार. दुसरं घेतलं. तेच. ह्या वेळी ते हसले नाहीत. आणि तेवढ्यात, कुणाला धीर निघत नव्हता म्हणून, अख्ख्या हॉलने आपापली पुडकी उचलून टराटरा फाडली.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. ‘टिपणीबाहेरचे दिवस’च्या कव्हरवर भाऊसाहेबांचा मोठा फोटो आहे, कानाला फोन, कपाळाला आठी. एकूण एकोणतीस पुडकी, त्यातली सत्तावीस तीच. अठ्ठाविसावं मायक्रोवेव्हचं मॅन्युअल. एकोणतिसावं परीक्षितचं, ते कुमुदकाकूंना गेलं. सत्तावीस कव्हरांवरून सत्तावीस भाऊसाहेब कानाला फोन लावून अठ्ठाविसाव्याकडे बघत होते. परीक्षित आपल्या हातातल्या भाऊसाहेबांकडे बघत होता, ते बघवत नव्हतं.

"दीनानाथ," भाऊसाहेब म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "हे काय आहे?"

दीनानाथ उभे राहिले. खरं तर ते आधीपासून उभेच होते, ते आणखी उभे राहिले. कृतिकाला साताऱ्याचा पिठाचा डबा स्वच्छ दिसला. झाकणासकट. पण त्याहून वाईट म्हणजे तिला भाऊसाहेबांचा हात दिसला. म्हातारा हात, पुस्तकाचं फाटलेलं कव्हर नीट करत होता. ती पुढे झाली आणि माइक हिसकावून घेतला.

"सरप्राइज आहे, सर," ती म्हणाली. "तुमच्यासाठी."

कसलं सरप्राइज ते तिला स्वतःलाही अजून माहीत नव्हतं. पण तोंड सुरू झालं की कृतिकाचं डोकं मागून पळत येतं, ही तिची जुनी सवय. संक्रांतीला पुस्तक मिळालं, ती सांगत गेली, पण कुणाच्याच पुस्तकावर तुमची सही नाही. कॉलनीत सगळ्यांना ती खंत आहे. म्हणून आम्ही ठरवलं की अदलाबदलीच्या नावाखाली सगळी पुस्तकं गुपचूप एकत्र आणायची आणि सरांकडून एकदम सह्या घ्यायच्या.

तिने सगळ्या हॉलकडे अशा नजरेने पाहिलं की जो नाही म्हणेल त्याचं काही खरं नाही. हॉलने माना डोलावल्या. कुणीतरी "बिल्कुल, बिल्कुल" म्हणालं.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. छत्तीस वर्षांत इतक्या सह्या केल्या, म्हणाले, पण मागून कुणी घेतली नव्हती.

मग लाइन लागली. भाऊसाहेब नुसती सही करणारे नव्हते. प्रत्येकाला नाव विचारत, पूर्ण नाव लिहीत, तारीख घालत, आणि कोणतं प्रकरण आवडलं ते विचारत. लोकांची गाळण उडाली. माणसं लाइनीत उभ्या उभ्या अनुक्रमणिका पाठ करायला लागली. परीक्षितच्या पुस्तकावर त्यांनी ‘होतकरू अभ्यासकास’ लिहिलं. म्हणजे आता एकही पुस्तक कुणालाच कधी देता येणार नव्हतं, विकता येणार नव्हतं, कूलरखाली तर नाहीच नाही. सगळे कृतिकाकडे बघत होते, पण तक्रार करायची कुणाची हिंमत? काय म्हणून करणार?

टेबलावर शेवटी एक प्रत उरली. भाऊसाहेबांनी उघडली आणि थांबले. पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात होतं, ‘सौ. कुमुदला, पहिली प्रत.’

कृतिका माइक खाली ठेवून मागे सरकली. कुमुदकाकू मागच्या खुर्चीवर परीक्षितचं पिवळं पुस्तक वाचत बसल्या होत्या. त्यांनी बोट घालून ते मिटलं आणि उठून आल्या.

"ह्यावर तर सही आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"ती बायकोला दिलेली," काकू म्हणाल्या. "आज वाचक म्हणून मागतेय. द्यायची असेल तर द्या."

भाऊसाहेबांनी दिली. मग नेहमीप्रमाणे विचारलं, कोणतं प्रकरण?

"शेवटचं," काकू म्हणाल्या आणि जागेवर जाऊन पुन्हा वाचायला लागल्या. परीक्षितने त्यांना भीत भीत विचारलं, ते माझं पुस्तक परत मिळेल का. वाचून झालं की ये घरी, म्हणाल्या, सावकाश वाचते मी.

कार्यक्रम संपला. एकही तक्रार नाही. दीनानाथ मुलीजवळ आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, सातारा कॅन्सल. कृतिकाने अशी मान वर केली जशी काही तिने पानिपत जिंकलं.

तेवढ्यात भाऊसाहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. अशी पोरगी आपण सगळ्या सर्व्हिसमध्ये पाहिली नाही, म्हणाले. मग जरा लाजून सांगितलं की दुसऱ्या भागाची हस्तलिखितं तयार आहेत, अकरा रजिस्टरं, आता डोळे साथ देत नाहीत. कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणारं आणि टाइप करणारं हवं. रोज दहा ते पाच. रविवारी हाफ डे.

"हो सर," दीनानाथ म्हणाले. उभं राहून.

सोमवारी कृतिका बरोबर दहाला भाऊसाहेबांकडे गेली. पहिल्या रजिस्टरचं पहिलं प्रकरण होतं ‘रजेचे नियम: एक चिंतन’. सव्वाअकराला ती पाणी प्यायचं निमित्त करून बाल्कनीत आली आणि तिने स्वतःहून साताऱ्याला फोन लावला. आत्याला विचारायचं होतं की अकरावीचे फॉर्म कधीपर्यंत भरता येतात, आणि सांगायचं होतं की पहाटे पाचऐवजी चारला उठायचं असलं तरी चालेल.