मुठीचा डबा

पद्मिनीबाईंनी फळीवरचा डबा उचलला आणि तो तसाच हातात धरून त्या उभ्या राहिल्या.

"पावणेदोन किलो," त्या म्हणाल्या.

दामिनी चहा गाळत होती. तिने मान वर न करता सांगितले, की मावशी, तो रिकामा आहे, मागच्या सोमवारीच घासून उन्हात वाळवलाय. पद्मिनीबाईंनी झाकण काढले. आत तांदूळ होता. त्यांनी डबा तिरका करून बूड पाहिले. बुडाला खिळ्याने कोरलेला क्रूस होता, म्हणजे डबा तोच, चर्चचा. शेजारचा अगदी तसाच दिसणारा डबा घरच्या तांदळाचा, त्याच्या बुडाला काही नव्हते.

"तू मूठ काढत होती का पोरी?"

"नाही मावशी. मी एक दाणाही टाकला नाही."

मूठ तिने खरेच काढली नव्हती. बेला गावच्या त्या छोट्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये एक जुनी चाल होती. भात टाकण्याआधी प्रत्येक घरात एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात पडायचा. रविवारी उपासना झाली, की पद्मिनीबाई घरोघर जाऊन डबे गोळा करत आणि तो तांदूळ पिशव्यांत भरून गावातल्या सात घरी जाई. तिथे राबणारे कोणी उरलेले नव्हते, आणि ती घरे कोणत्या देवाची हे कोणी विचारत नसे. सारे गाव याला नुसते 'मूठ' म्हणे. दामिनीचे वडील सुधाकर सर यांनी सव्वीस वर्षे ही मूठ चालवली. दामिनी मात्र हैदराबादला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागली तेव्हापासून मूठ काढणे विसरली होती.

सरांना जाऊन तीन आठवडे झाले होते. पहिले दोन आठवडे मंडळीतल्या बायकांनी जेवण पाठवले. सोमवारी शेवटचे पाहुणे गेले आणि दामिनी त्या घरात एकटी उरली. एका माणसाचा भात तिला अजून जमत नव्हता. दोन वाट्या निघत, मग आठवण होऊन एक परत जाई. दुपारी अशी शांतता पडे, की खुंटीवरचा सरांचा कोटसुद्धा कान देऊन ऐकतोय असे वाटावे. त्यांचा चष्मा फळीवर, डब्यांकडे तोंड करून ठेवलेला होता. तो उचलून ठेवायचे तिने दोनदा ठरवले, आणि दोन्ही वेळा तिला दुसरे काही काम निघाले.

पद्मिनीबाई अठरा वर्षे डबे उचलत होत्या. कोणाचा डबा किती भरतो हे त्यांच्या मनगटाला पाठ होते. दारात जाऊन त्या थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सरांचा डबा दर हप्त्याला एवढाच भरे. नेमका एवढाच."

त्या दिवशीपासून दामिनी स्वयंपाकघरात शिरण्यापूर्वी खाकरू लागली. आत कोणी असलेच तर ते दचकू नये म्हणून. तिने आयुष्यात पुष्कळ वाचले होते, आणि अशा गोष्टींची कारणे कशी शोधायची हेही त्यात होते. पण एका सकाळी कापसाच्या शेतांवरून धुके आले, खिडकीच्या गजांपाशी येऊन थांबले, आणि ती सहज बोलून गेली, "बाबा, चहा ठेवू?" मग तिने दोन कप चहा केला आणि दोन्ही स्वतःच प्यायली.

पद्मिनीबाईंनी ही गोष्ट फक्त एका बाईला सांगितली होती, तीही शपथ घालून. सोमवारी दुपारपर्यंत ती आठवडी बाजारात पोचली. मंगळवारी सकाळी तांदळाची पहिली पिशवी परत आली.

ती त्या सात घरांपैकी उद्धवरावांची होती. उद्धवराव तहसिलीतले निवृत्त कोतवाल. मागे-पुढे कोणी नाही. सरांशी पस्तीस वर्षांची दोस्ती, आणि दर शनिवारी दुपारी सरांकडे जेवण ठरलेले. त्यांनी पिशवी चर्चच्या पायरीवर ठेवली, वर एक दगड ठेवला आणि कोणाशी न बोलता निघून गेले. त्यांचे पाहून आणखी दोन पिशव्या आल्या. गयाबाईंनी मात्र उलटाच निरोप पाठवला. त्या तांदळाची पेज प्याल्यापासून त्यांची कंबर दुखायची थांबली होती, तेव्हा यापुढे फक्त सरांच्याच डब्यातला तांदूळ द्यावा. गयाबाईंच्या शेजारणीचे गुडघे दुखत होते. तिनेही तेच मागितले.

प्रेस्बिटेरियन मंडळीत पाळकालासुद्धा एकट्याने काही ठरवता येत नाही. निवडून दिलेल्या लोकांची एक समिती असते, तिला सेशन म्हणतात, आणि घंटेची दोरी बदलायची तरी तिथे ठराव लागतो. बुधवारी संध्याकाळी सेशन दामिनीच्या ओसरीवर भरले. डबा आणून पाहिला, तर रविवारी रिकामा केलेला तो डबा तीन दिवसांत चार बोटे भरला होता. कोणीतरी शाल घट्ट लपेटून घेतली.

पाळकसाहेब आदिलाबादला होते. त्यांनी फोनवरून स्पष्ट सांगितले, की मेलेली माणसे प्रभूपाशी असतात, ती तांदूळ देत नाहीत. हे सर्वांना मान्य झाले. मग तांदूळ कोण देतो, हा प्रश्न राहिला. देणाऱ्याचा पत्ता लागेपर्यंत मूठ वाटू नये असे एकाने सुचवले आणि तेही मान्य झाले. शेवटी ठरले, की डबा पुन्हा रिकामा करावा, पांडुरंगरावांनी सकाळपासून दिवेलागणीच्या जेवणापर्यंत स्वयंपाकघरात बसून पहारा द्यावा आणि रविवारी लेखी अहवाल सादर करावा.

पांडुरंगराव सरकारी दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेले, शब्दाला पक्के आणि अतिशय सभ्य. इतके सभ्य, की स्वयंपाक करणाऱ्या बाईकडे टक लावून बसणे त्यांना शोभेना. त्यांनी खुर्ची स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ठेवली आणि घराकडे पाठ, अंगणाकडे तोंड करून बसले. जे काही येईल ते दारातूनच येणार, असा त्यांचा हिशेब होता. मांडीवर वही, हातात घड्याळ.

दोन दिवस ते तसे बसले. त्यांच्या वहीत नोंदी होत्या. गुरुवार, बारा वाजून दहा मिनिटे, डबा वाजला. गुरुवार, सात वाजून पाच, डबा वाजला. शुक्रवारी पुन्हा दोनदा. दारातून कोणी आत गेले नाही.

"तू तर तिथंच होती. तुले कोणी दिसलं?" त्यांनी मान न वळवता विचारले.

"कोणीच नाही, काका."

"मले बी नाही," पांडुरंगराव म्हणाले, आणि त्यांनी स्वेटरचे वरचे बटण लावले.

या नोंदी गुप्त होत्या, म्हणजे शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी साऱ्या गावाला माहीत झाल्या. पायरीवरच्या पिशव्या पाच झाल्या. पद्मिनीबाई फाटकापर्यंत आल्या, पण आत आल्या नाहीत. तिथूनच त्यांनी सांगितले, की उद्धवराव मंगळवारपासून चहा आणि मुरमुऱ्यांवर आहेत. कोणी पोळी दिली तरी घेत नाहीत, दुसरा तांदूळही नको म्हणतात. अशाने तो माणूस किती दिवस काढणार?

दामिनीने ते ऐकून घेतले. काहीतरी करायला हवे हे तिला कळत होते. पण रविवारी कारण सापडले, तर सोमवारी कोणासाठी खाकरायचे, हा विचारही तिच्या मनात आला, आणि त्याची तिला लाज वाटली.

शनिवारी सकाळी पांडुरंगरावांनी डबा पुन्हा रिकामा करून, पुसून फळीवर ठेवला आणि आपल्या जागी जाऊन बसले. दुपार झाली. अंगणात पान हलत नव्हते. दामिनीने दोन वाट्या तांदूळ काढला. नेहमीसारखी आठवण झाली. तिने हात लांब करून एक वाटी परत ओतली.

रिकाम्या डब्याच्या बुडावर तांदूळ खणखणत पडला.

"वाजला," पांडुरंगराव दारातून म्हणाले, आणि त्यांनी घड्याळात पाहून वेळ लिहिली.

दामिनी रिकामी वाटी हातात धरून उभी राहिली. समोर सरांचा चष्मा होता. उजवीकडचा डबा घरचा, डावीकडचा चर्चचा. तिचा हात डावीकडे होता.

पांडुरंगराव अंगणाकडे पाहत होते. ते वळणार नव्हते. ती काही बोलली नसती, तर दर दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी बाबा या घरात आले असते, लेखी नोंदीसह. तिने वाटी ठेवली, डब्यातला तांदूळ परत काढून घेतला, गॅस बंद केला आणि पदराला हात पुसून बाहेर पडली.

"काका, मी उद्धवरावकाकांकडे जाऊन येते."

"जाय. मी हावो इथं," पांडुरंगराव म्हणाले. "डरू नको."

उद्धवराव खाटेवर बसले होते. चार दिवसांत ते निम्मे झाल्यासारखे दिसत होते. दामिनीने उभ्या उभ्याच सगळे सांगितले, दोन वाट्या, दोन डबे, डावा हात. वडिलांच्या नावाने सारे गाव हलवले, माझीच चूक झाली, म्हणाली. आता तरी जेवा.

उद्धवरावांनी सरकून तिला खाटेवर जागा केली.

"म्हणजे तो आलाच नोता," ते म्हणाले.

"नाही, काका."

"पक्की गोष्ट?"

"पक्की. तुम्ही घाबरू नका आता."

"घाबरून राह्यलो कोण?" उद्धवराव चिडून म्हणाले. "अवो पोरी, तो आपल्या हातानं धाडते आन् आपण खाल्लं, का त्याचं काम मिटते. मंग तो कायले थांबन? म्हणून मी खात नोतो. म्हटलं, जवपर्यंत पिशवी परत जाते, तवपर्यंत त्याले बी जाता येत नाही."

दामिनी खाटेच्या कडेला बसली. पोटात भूक असूनही हा माणूस चार दिवस दोस्ताला अडवून बसला होता, आणि ती घरात खाकरत होती. दोघांचे काम एकच होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आज शनिवार आहे, काका."

"मालूम हाय मले."

"दोन वाट्या काढल्याच आहेत."

उद्धवरावांनी टोपी शोधली. घरी पांडुरंगराव उठून त्यांना वाट देण्यापुरते बाजूला झाले, आणि आत येणारा माणूस जिवंत असल्याची खात्री करून त्यांनी तशी नोंद केली. उद्धवराव सरांच्या जागी बसून दोनदा भात घेऊन जेवले. मीठ कमी आहे, एवढेच बोलले.

रविवारी उपासनेनंतर उद्धवरावांनी पायरीवरची आपली पिशवी सर्वांदेखत उचलली. त्यांचे पाहून बाकीच्याही उचलल्या गेल्या. गयाबाई तेवढ्या नाराज झाल्या. कंबर त्या दिवशीपासून पुन्हा दुखू लागली.

पद्मिनीबाई डब्यासाठी आल्या, त्या या वेळी आतपर्यंत आल्या. डबा उचलला. रिकामा होता. दामिनीने पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगितले आणि माफी मागितली. पद्मिनीबाई डबा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या, मागच्या खेपेसारख्या.

"तुझी आई होती तवा हा डबा पाऊण किलो भरे," त्या म्हणाल्या. "दोघांच्या मुठी. ती गेली, तर कमी व्हायले पाह्यजे नं? त्याच हप्त्यापासून पावणेदोन झाला. सहा वर्षं."

दामिनीने फळीवरच्या दुसऱ्या, घरच्या डब्याकडे पाहिले.

"आमी म्हटलं, सर दानशूर झाले. सेशननं अभिनंदनाचा ठराव घेतला, शाल दिली. आन् ते मान खाली घालून म्हणे, 'मी काहीच केलं नाही हो.' आमी म्हटलं, काय हा नम्रपणा."

पद्मिनीबाईंनी रिकामा डबा हळूच फळीवर ठेवला, डाव्या बाजूला, आणि चहा न घेताच गेल्या.

दुपार झाली. उद्धवराव रविवारीही जेवायला येणार होते. शनिवारचेच जेवण, म्हणाले, थोडे लांबले इतकेच. दारात पांडुरंगराव खुर्चीवर बसले होते, अंगणाकडे तोंड करून. पहारा बसवण्याचा ठराव झाला होता, उठवण्याचा अजून झाला नव्हता, आणि सेशनची बैठक बुधवारी होती.

दामिनीने दोन वाट्या तांदूळ काढला, एक स्वतःची, एक उद्धवरावांची. मग आणखी एक काढली. ती हातात घेऊन ती क्षणभर थांबली. चष्मा तिच्याकडे पाहत होता. तिने हात डावीकडे नेला आणि वाटी सावकाश ओतली.

"वाजला," पांडुरंगराव दारातून म्हणाले.

"हो, काका," दामिनी म्हणाली. "लिहा."