पिवळ्या तांदळाचं आवतन

लहान लेकरांचा उन्हाळा गोड कसा करावा, हे मला विचारावं. निदान परवाच्या बुधवारपर्यंत तरी विचारावं.

मे महिन्यात माहेरी, हट्ट्याला आले, की मी लेकरांच्या हाती मोबाईल देत नाही. ‘चिमुकल्यांसाठी सोप्या उन्हाळी कृती’ मी स्वतः बघते आणि लेकरांकडून करून घेते. त्यामुळं मोबाईल दिवसभर माझ्याच हातात असतो, पण तो भाग वेगळा.

लेकरं दोन. निलम साडेतीनची, ती बोलायला लागली की ऐकणाऱ्याला धाप लागते. ढब्बू अडीचचा, बोलतो थोडंच, पण हुकूम सोडल्यासारखं. सोमवारी आम्ही कागदाच्या होड्या केल्या. ढब्बूनं एक खाल्ली. मंगळवारी भेंडी कापून रंगाचे ठसे मारले. अगदी फुलांसारखे उमटले, फक्त कागदाऐवजी दादांच्या धुतलेल्या धोतरावर. दादा, म्हणजे माझे वडील दगडोबा, तेच धोतर नेसून गावात फिरून आले आणि एक शब्द बोलले नाहीत. मी ते कौतुक समजले.

बुधवारी रंगीत तांदूळ करायचे ठरले. व्हिडिओतले तांदूळ निळे, हिरवे, जांभळे होते. पण लेकरं तोंडात घालणार, म्हणून मी बाजारचा रंग आणला नाही. आमच्या घरात हळदीची पोती उभी आहेत, तिथं रंगाला काय तोटा? परातीत तांदूळ घेतले, हळद टाकली, तेलाचं बोट लावलं, आणि शोभेला चिमूटभर कुंकू. लेकरांची इवली बोटं त्यात फिरू लागली, जशी धुळीत न्हाणारी चिमणीची पिलं. आता एवढं बघून आईच्या ओव्यांवर वाढलेली बाई गप्प बसेल का? मी तिथल्या तिथं गाणं रचलं:

पिवळे पिवळे दाणे, चिमणे, अंगणात ये,
माझ्या घरी जेवाया तू लेकरं घेऊन ये.

निलमला सगळं पाठ झालं. ढब्बूनं कामापुरतं उचललं: “जेवाया ये. लेकलं घेऊन ये.”

आई गल्लीच्या पलीकडं शेवाया करायला गेली होती. दादा आणि माझा धाकटा भाऊ हरीश शेतात. परात ओसरीवर वाळत ठेवली आणि मी कूलरपुढं जरा पाठ टेकली.

इथं हरीशचं सांगायला हवं. पोरगं देखणं, कष्टाळू, निर्व्यसनी. पण शेती करतो. त्यामुळं पोरीचे बाप यायचे, चहा प्यायचे, आभाळाकडं बघायचे आणि जायचे. शेजारच्या बेबीबाईनं तिच्या माहेरचं, गोरेगावचं स्थळ आणलं. पोरगी मंजुषा. तिच्या वडलांनी पहिल्यांदाच दुसरा कप चहा मागितला आणि म्हणाले, “दोन दिवसांत कळवतो.” तेव्हापासून घरातला प्रत्येक फोन चार्जिंगला होता. हरीश तर आंघोळीला जातानाही फोन खिडकीत ठेवून जायचा.

माझा डोळा लागला न लागला तोच दारात बेबीबाई. मूठ घट्ट मिटलेली, चेहरा तव्यावरच्या भाकरीसारखा: गरम आणि फुगलेला.

“काहून व मिरे, ठरलं बी?”

मी अर्धवट झोपेत. “व्हय मावशी, सकाळीच ठरलं.”

“येवढी घाई?”

“घाई कसली? सामान घरातच होतं. हळद आपली, तांदूळ आपले.”

“आन् पोरगं राजी हाय?”

“आधी न्हवतं. पळून राहिलं होतं. धरून परातीपुढं बसवलं, मग खुललं.”

बेबीबाईनं पदर तोंडाशी नेला. “धरून बसवलं?”

“आता उठायला तयार न्हाई. दोन्ही हात पिवळे करून घेतले त्यानं.”

“मंग गोरेगावाला काय सांगू मी?”

“त्यांनाबी सांगा की. लई सोपं हाय.”

बेबीबाई तरातरा गेली. मी समाधानानं कूस बदलली. आपली कला गोरेगावपर्यंत चालली!

जाग आली तेव्हा परात रिकामी. निलम उंबऱ्यावर बसली होती, दमलेल्या पोस्टमनसारखी.

“तांदूळ कुठं गेले गं?”

“सगळ्या चिमण्यांना वाटले.”

“कोणत्या चिमण्यांना?”

“बेबीआजी चिमणी, दुकानवाली चिमणी, गिरणीवाले काका चिमणी…”

माझी उरलीसुरली झोप उडाली. आमच्याकडं पत्रिका कपाटावर पडून राहते. तिनं लग्नाचं बोलावणं लागू होत नाही. दारात येऊन कुणी हळदीकुंकवाचे तांदूळ हातावर ठेवले, की आवतन पक्कं. त्यात ‘लेकरं घेऊन या’ म्हटलं, की ते चूलबंद आवतन. म्हणजे त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, अख्खं घर जेवायला येतं. माझ्या लेकरांनी अख्ख्या गल्लीच्या चुली बंद केल्या होत्या.

दिवस कलता कलता माणसं यायला लागली. न्हालेली, भांग पाडलेली, इस्त्रीची. गिरणीवाले तर सासूलाही घेऊन आले होते. आई शेवायांचं पीठ हातावर घेऊन धावत आली. अंगण बघितलं, परात बघितली, मला बघितलं.

“मिरे, तुला लेकरं सांभाळाया ठिवलं होतं. गाव न्हाई.”

“आई, मी सगळ्यांना सांगते की चुकून झालं.”

“सांग. पन जेवल्यावर सांग. अक्षता हातावर पडल्यावर मानूस उपाशी परत धाडत न्हाईत.”

मग मोठं पातेलं चुलीवर चढलं. पिठलं घोटायला घरात जेवढं बेसन होतं तेवढं गेलं. पाहुण्या बायांनीच भाकरी थापायला घेतल्या, आणि थापता थापता विचारत होत्या, “नवरी कुठली व?” मी कांदा कापत होते, म्हणून माझे डोळे कुणाला खटकले नाहीत.

हरीश दादांबरोबर शेतातून आला. कुणी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, कुणी खांद्यावर नवा टॉवेल टाकला. तो गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, “आक्का, पोरगी कोन हाय?”

त्याच्या आवाजात इतकी कोवळी आशा होती, की मला पातेल्यात उडी घ्यावीशी वाटली.

मी सांगायला तोंड उघडलं, तोच दारात जीप थांबली. गोरेगावची. मंजुषाचे वडील उतरले, मागून स्वतः मंजुषा. वडलांनी अंगणातली पंगत पाहिली, हरीशचं कपाळ पाहिलं.

“दगडोबा, होकार कळवाया फोन हातात घेतला होता आमी. तेवढ्यात बेबीबाईचा फोन आला. आमच्या पोरीत काय कमी होतं, तेवढं सांगा.”

दादांना तर कशाचा पत्ताच नव्हता. ते ठसेवालं धोतर सावरत नुसते उभे. हरीश भिंतीसारखा पांढरा पडला.

“काका,” मी पुढं झाले, “लग्न न्हाई कुनाचं. ते तांदूळ मी लेकरांना खेळाया केले होते.”

“अक्षता काय खेळायची चीज हाय?”

“आन् पोराला धरून बसवलं, तू म्हनली की,” बेबीबाई मागून म्हणाली.

“ते ढब्बूचं म्हनत होते मी.”

कुणाचाच विश्वास बसेना. खरंच कसा बसावा? शिकलेली बाई भर मे महिन्यात हळदीकुंकवाचे तांदूळ करते आणि तिला अक्षता आठवत नाहीत!

तेवढ्यात ढब्बू पायापायांतून पुढं आला. चड्डीच्या खिशात त्यानं थोडे तांदूळ राखून ठेवले होते. मंजुषाचा हात धरला, तळव्यावर ते ओतले आणि हुकूम सोडला: “जेवाया ये. लेकलं घेऊन ये.”

मंजुषानं तळहाताकडं पाहिलं. “लेकरं कुठून आनू रे? तुझ्या मामाचं तर अजून लग्नच ठरंना.”

पहिल्यांदा दादा हसले. मग गिरणीवाल्यांची सासू. मग अख्खी पंगत. मंजुषाचे वडील बराच वेळ मिशीत हसू दाबून उभे राहिले. आईनं पाट मांडला तसे बसले आणि पिठलं दुसऱ्यांदा मागून घेतलं. दुसरा कप चहा आम्हाला आठवला. हरीशचा श्वास परत चालू झाला.

निघताना ते म्हणाले, “आमचा होकार हाय. पन पोरीची एक अट हाय.”

शहरात घर? नोकरी? हरीशनं टॉवेलचं टोक पिळून पिळून दोरी केली.

मंजुषा माझ्याकडं बघत शांतपणे म्हणाली, “उद्या आमाला लेकरं झाली, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आक्काजवळ राहनार न्हाईत.”

“मंजूर,” दादा, आई आणि हरीश एका दमात म्हणाले. पाठोपाठ बेबीबाई, गिरणीवाले, त्यांची सासू.

माझं मत कुणी विचारलं नाही. मी ढब्बूकडं पाहिलं. त्याच्या तोंडात भाकरीचा घास होता, म्हणून त्यानं नुसती मान हलवली.