गाडीच्या दुकानातलं पाणी

पुण्याचे लेले सकाळी दहाला गाडी न्यायला येणार होते आणि मन्मथप्पांनी सहा वाजल्यापासून ती चार वेळा पुसली होती. कोरड्या फडक्यानेच. धर्मापुरीत नळाला पाणी येऊन महिना झाला होता आणि टँकर आठ दिवसांतून एकदा, तोही त्याची मर्जी असली तर. अशा उन्हाळ्यात गाडीवर तांब्याभर पाणी ओतलं असतं तर गल्लीने मन्मथप्पांशी बोलणं टाकलं असतं, आणि गल्लीचं काही चुकलंही नसतं.

गाडी फोक्सवॅगन. बासष्टची, जर्मनीची, पिस्त्याच्या रंगाची, पाठीला बाक असलेली. गाव तिला कासव म्हणे. साखर कारखाना उभा राहत होता तेव्हा यंत्रं बसवायला एक जर्मन साहेब आला होता, त्याने ती मुंबईहून आणली. साहेब गेला, गाडी सहकारात राहिली. म्हणजे ती सगळ्यांची झाली आणि तिला कुणीच पुसेना. दहा-बारा वर्षं संचालकांनी तिच्यातून सभा गाठल्या, आणि एक दिवस कारखान्याच्या भंगारात ती लिलावाला निघाली. कापडाचं दुकान चालवणाऱ्या मन्मथप्पांनी ती घेतली, त्याला आता तीस वर्षं झाली. कारखान्याला ऊस मिळेना, धुराड्यातून धूर निघून तीन हंगाम झाले, पण कारखान्याची गाडी अजून एका सेल्फला सुरू होते, याचा त्यांना जन्माचा अभिमान होता.

हा अभिमान ते घरात दाखवत नसत. घरात ते बोलतच नसत म्हणा ना. बोलायला त्यांना शोरूम लागे. अंबाजोगाईच्या रस्त्याला गाड्यांचं नवीन शोरूम झालं होतं, आणि दर मंगळवारी दुकान बंद असलं की मन्मथप्पा एसटीने तिथे जात. घ्यायचं काही नाही. नव्या गाडीच्या दारावर बोटाने टकटक करायची आणि विक्रीवाल्याला विचारायचं, "हा पत्रा हाय का पापड?"

"आप्पा, बसा. पाणी घ्या," विक्रीवाला म्हणे.

"आमच्या गाडीचं दार लावलं की पेटीचं झाकण बसल्यावानी आवाज येतो. तुमचं लावलं की शेजारच्या घरात पातेलं पडल्यावानी. आन हे रेडिएटर कावून पायजे? आमचं इंजिन मागं, हवेवर थंड होतं. पाण्याचा थेंब लागत न्हाई. त्या जर्मन माणसाला बीड जिल्हा ठाऊक होता बघा."

मग युरोपच्या सगळ्या जुन्या गाड्यांची हजेरी होई. इटलीची फियाट दिसायला नीटस, पण लई नाजूक. इंग्रजांची मॉरिस शिस्तीची, पण घाटात दम टाकणार. मर्सिडीज म्हणजे सासरा. घरात असला की कुणाला मोकळं बसता येत नाही. विक्रीवाले हसून ऐकत, कारण दुष्काळात गाड्या घ्यायला दुसरं कोण येत होतं? शोरूमात येणाऱ्या प्रत्येकाला थंड पाण्याची एक बाटली मिळे, वर कागदावर झोकदार गाडीचं चित्र. मन्मथप्पा ती कधी उघडत नसत. पिशवीत घालून घरी आणत, उमाबाईंच्या हातात देत आणि म्हणत, "हे ठेव."

उमाबाई ठेवत. त्या घरात दोन शब्द म्हणजे पुष्कळ झालं.

गेल्या महिन्यात टँकरच्या रेटारेटीत उमाबाई भरल्या हंड्यासकट पडल्या. कंबर धरली ती धरलीच. डॉक्टर म्हणाले, यापुढे वजन उचलायचं नाही. पुण्याहून संगमेशचा, म्हणजे मुलाचा फोन आला, की आता तिथं राहू नका, दोघं इकडे या. फक्त आमच्या सोसायटीत एका घराला एकच गाडी ठेवता येते, आणि माझी आहे. मन्मथप्पांनी फोन ठेवला आणि पुढच्या मिनिटाला लेल्यांना लावला. जुन्या गाड्या घेणारे हे लेले सहा वर्षं त्यांच्या मागे होते. उमाबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, "गाडी देऊन टाकली." कुणासाठी, ते सांगितलं नाही. उमाबाईंना वाटलं, पोराच्या हट्टापायी.

लेल्यांनी मात्र एक गोष्ट स्पष्ट केली होती. "आप्पा, माझ्याकडे अशीच एक उभी आहे, तिला सुटे भाग मिळत नाहीत. तुमची चालू असेल तर जशीच्या तशी ठेवीन, रोज चालवीन. बंद निघाली तर मात्र खोलणार. मग रागवायचं नाही."

"तुमी नुसती चावी लावा," मन्मथप्पा म्हणाले होते. "एका सेल्फला."

त्या सकाळीही आठ वाजता ती एका सेल्फला सुरू झाली. मन्मथप्पांनी ती बंद केली, पुढचं झाकण उघडून आतली धूळ टिपली, आणि झाकण तसंच उघडं टाकून केदारेश्वराला गेले. देवाला काय सांगितलं ते देव जाणे. अर्ध्या तासाने आले, झाकण लावलं, आणि ओट्यावर बसून राहिले. त्या अर्ध्या तासात घरी उमाबाई एकट्याच होत्या.

दहाला लेले आले, टेम्पो घेऊन. टेम्पो बघूनच मन्मथप्पा ओट्यावरून उठले.

"मढं न्यायला आल्यावानी टेम्पो कावून आणला?"

"असू दे हो, लागला तर."

"न्हाई लागायचा."

मन्मथप्पांनी चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. त्यांनी गल्लीकडे असं बघितलं की बघणाऱ्यांना वाटावं, इंजिन यांनीच घरी केलंय. लेले हसले. तेवढ्यात गाडी खोकली. दोन हिसके दिले आणि गप्प झाली. पुन्हा चावी. पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा नुसतीच कण्हली.

"प्रवासाला निघताना असं होतं," मन्मथप्पा म्हणाले.

मग धक्का. दुष्काळात गल्लीला दुसरं काम नव्हतंच. चौदा माणसं लागली. मारुतीच्या देवळापर्यंत ढकलली, नाही. देवळापासून परत, नाही. त्यात एकाची चप्पल तुटली, एकाने शेजारच्याच्या पायावर चाक घातलं, आणि त्या दोघांची जुनी भावकी वर आली. ती मिटवण्यात वीस मिनिटं गेली. लेले घड्याळ बघू लागले.

ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या बिभीषणला बोलावलं. त्याने झोकात पुढचं झाकण उघडलं आणि दचकून म्हणाला, "आप्पा! इंजिन चोरीला गेलं!"

"मागं हाय बे!"

बिभीषण मागे गेला. प्लग काढले, पुसले, लावले. वायर हलवल्या. इंजिनाला हात लावून बघितला आणि निकाल दिला, "तापलीय. पाणी टाका घोटभर, होती सुरू."

झालं. आजवर शोरूमवाल्यांना ऐकवलेलं सगळं मन्मथप्पांनी भर गल्लीत बाहेर काढलं. "अरे पाणी कुठं टाकतो? रेडिएटर हाय का हिला? हवेवर थंड होती ही! तीस वर्सांत हिनं पाण्याचा थेंब घेतला न्हाई! अख्ख्या परळी तालुक्याला ठाऊक हाय, हिला पाणी लागत न्हाई!"

दारात उभ्या असलेल्या उमाबाई हे ऐकून उंबऱ्यावरच बसल्या. कंबर दुखत असेल असं सगळ्यांना वाटलं.

बिभीषणने वैतागून पुढच्या टाकीतून इंजिनाकडे येणारी पेट्रोलची नळी सोडली आणि तोंडाखाली परात धरली. धार आली ती स्वच्छ, पांढरी. थांबेना. शेजारची सुंदरबाई ओरडली, "अगं बया, पाणी!" आणि घागर घेऊन धावली. तिचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. पाच मिनिटांत कासवामागे हंडे-कळश्यांची रांग लागली, आणि माझा नंबर आधी होता म्हणून दोघी भांडायलासुद्धा लागल्या. सुंदरबाईने ओंजळ तोंडाजवळ नेली आणि फेकून दिली. "रॉकेलचा वास मारतंय!"

"पेट्रोल हाय ते वरचं," बिभीषण म्हणाला. "आप्पा, टाकीत पाणी घातलंय कुणीतरी. चांगलं आठ-नऊ लिटर."

लेल्यांनी टेम्पोच्या ड्रायव्हरला खूण केली. त्याने फळी खाली सोडली. "आप्पा, मला वाईट वाटतंय. पण पुण्यापर्यंत मी ही कशी चालवणार? बोलणं झालं होतं आपलं."

मन्मथप्पा गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. "कुणी केलं हे? कुणाचं काय वाकडं केलतं मी? सांगा की!"

मग उमाबाई कंबर धरून उठल्या, आत गेल्या आणि पदरात अठरा रिकाम्या बाटल्या घेऊन आल्या. त्या त्यांनी मन्मथप्पांच्या पायाशी ठेवल्या. प्रत्येकीवर झोकदार गाडीचं चित्र होतं.

"मी घातलं," त्या म्हणाल्या.

"तू? कावून?"

"गाय जरी इकली तरी दारातनं जाताना पाणी पाजून धाडतेत. हिला तसंच कसं धाडायचं? पुढं तोंड उघडं दिसलं, आतलं गोल झाकण फिरवलं, घातलं. हंड्यातलं गढूळ न्हाई घातलं. तुमी गाडीच्या दुकानातनं आणलेलं होतं ना, तेच घातलं. वर चित्र हाय गाडीचं. म्हणलं, हे तिचंच पाणी असंल. पाच महिने हात न्हाई लावला मी त्याला."

"अगं ते..." मन्मथप्पांनी गल्लीकडे बघितलं. गल्ली कान देऊन उभी होती. "ते तुला प्यायला आणलतं."

उमाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मग सांगायचं ना."

"सांगायचं काय त्यात?"

"तुमी म्हणलात, ठेव. मी ठेवलं." त्यांनी गाडीकडे बोट केलं. "आन हिला पाणी लागत न्हाई हे तालुक्याला ठाऊक. मला कुणी सांगितलं? तीस वर्सं माझ्या दारात हाय ती."

सुंदरबाई डोळे पुसू लागली. लेल्यांनी खाली सोडलेली फळी बघितली, घड्याळ बघितलं, आणि घसा साफ करत म्हणाले, "अर्धा तास थांबतो मी."

मग जी धांदल उडाली! बिभीषणने आपल्या मोटरसायकलमधलं पेट्रोल काढलं, टाकी खंगाळली. उमाबाईंनी जुनं मऊ लुगडं फाडून दिलं, त्याने एकेक भाग कोरडा केला. कार्ब्युरेटर फुंकून फुंकून बिभीषणचे गाल दुखले. पहिल्यांदा चावी लावली, नाही. दुसऱ्यांदा, नाही. तिसऱ्यांदा मन्मथप्पांनी उमाबाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "तू लाव." उमाबाईंनी दोन्ही हातांनी चावी फिरवली. कासव खोकलं, पुन्हा खोकलं, आणि मग जुन्या सवयीने घरघरत सुरू झालं ते बंद पडलंच नाही.

टेम्पोच्या ड्रायव्हरने फळी वर घेतली. "वाटेत पाणी किती वेळा घालावं लागंल हिला?"

"पाणी लागत न्हाई तिला," उमाबाई म्हणाल्या. "हवेवर थंड होती ती."

लेले म्हणाले, डांबरी फाट्यापर्यंत तुम्हीच चालवा, आप्पा. मी टेम्पोतून मागे येतो. मन्मथप्पांनी पुढचं दार उघडून धरलं. उमाबाई आजवर मागेच बसत. पुढे त्यांचे व्याही, नाहीतर कापडाचे गठ्ठे. आज त्या पुढे बसल्या. दोन किलोमीटरच्या रस्त्यात मन्मथप्पा एकदाही गप्प बसले नाहीत. इंजिन कुठं, हवा कुठून शिरते, जर्मन साहेबाने काय सांगितलं, सगळं. आणि ही गाडी कुणाच्या कंबरेसाठी दिली, तेही. उमाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती उघडी रानं होती.

फाट्यावर चावी दिली. लेल्यांनी मन्मथप्पांच्या पायाला हात लावला आणि गाडीत बसले. पिस्त्याचा रंग रस्त्याला लागला, लहान झाला, आणि वळणावर गेला. दार लावल्याचा तो पेटीच्या झाकणासारखा आवाज मन्मथप्पांच्या कानात तेवढा राहिला. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

बिभीषण रिक्षा घेऊन त्यांना न्यायला येईपर्यंत दोघं पुलाच्या कठड्यावर बसले. उमाबाईंनी पिशवीतून एक बाटली काढली. एकोणिसावी.

"ही एक ठेवलती. वाटेत तिला लागली तर म्हणून."

मन्मथप्पांनी ती घेतली, झाकण फोडलं आणि त्यांच्या हातात दिली. "पी."

उमाबाईंनी दोन घोट घेतले. ऊन रणरणत होतं.

"गरम हाय," त्या म्हणाल्या.

"आणलं तवा थंड होतं," मन्मथप्पा म्हणाले.