एकविसावा गुरुवार आणि माझे दोन कान

माझ्या आवाजाबद्दल मी स्वतःच बोलणं बरं नव्हे. पण शेजारच्या काकूंनी एकदा हळदीकुंकवाला चारचौघींत सांगितलं होतं, "आरोहीच्या आईचा कुकर ऐकू येतो, आरोहीची आई ऐकू येत नाही!" त्या दिवसापासून मी कुकरच्या शिट्ट्यासुद्धा कमी केल्या.

माझे सोमवार असतात, संकष्टी असते, एकादशी असते. आणि गुरुवारी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत मौन. यंदा तर एकवीस गुरुवारांचा संकल्पच सोडला होता. कशासाठी? तर आमच्या आरोहीची तेरा वर्षांखालच्या मुलींच्या जिल्हा फुटबॉल संघात निवड व्हावी म्हणून! देवाला फुटबॉल कळतो का, अशी शंका मलाही आली होती. पण ज्यानं माझ्या सासूबाईंचा स्वभाव समजून घेतला, त्याला ऑफसाइड काय अवघड?

मैदानावरच्या बाकीच्या पालकांची भक्ती मात्र वेगळ्या प्रकारची होती. राजनंदिनीचे वडील शिवशरण भाऊ मंद्रूपचे. सोलापुरात होटगी रोडला त्यांचं खताचं दुकान. मोबाईलवर बघून बघून त्यांचा फुटबॉल असा पिकला होता की, चेंडू मैदानात यायच्या आधी त्यांची सूचना यायची. "राजू, पुढं सरक की! अगं मागं कोण बघणार? मार! नको मारू! लई घाई करतीस तू!" ही सगळी वाक्यं एका श्वासात. अंकिताची आई शरणम्मा दुधनीच्या. त्या काठावरून पोरीबरोबर धावायच्या. अंकिता थकायची, शरणम्मा थकायच्या नाहीत.

मागच्या महिन्यात एका मॅचला तर कहर झाला. चेंडू अंकिताच्या पायाशी, आणि शरणम्मा, शिवशरण भाऊ आणि कुणाचे तरी आजोबा तिला तीन दिशांना पाठवत होते. पोरगी मधोमध उभी राहिली, दोन्ही हातांनी कान झाकले आणि रडायला लागली. चेंडू तिथंच. तोही बिचारा कुठं जाणार?

प्रशिक्षक बिरप्पा सर मुळात कमी बोलणारे. त्या दिवशी त्यांनी सगळ्या पालकांना झाडाखाली बसवलं.

"आता ऐका. हितनं पुढं मॅच चालू असताना पालकानं तोंड उघडलं, की त्याची पोरगी भाईर. कुणाची बी असू दे. तुमी चुलीपाशी सांगा काय सांगायचं ते. हितं न्हाय."

"सर, म्हणजे अजिबातच न्हाय?" शिवशरण भाऊंचा चेहरा खत भिजल्यासारखा झाला.

"शिकायचं असंल तर ह्या ताईंकडं बघा," सरांनी माझ्याकडे बोट केलं. "दोन वर्षं झाली, मी ह्यांचा आवाज ऐकला न्हाय."

मी खाली मान घातली. पण खरं सांगते, आतून सुखावले हो!

निवडीची मॅच नेमकी गुरुवारी आली. तीही एकविसाव्या! मला वाटलं, देवानंच कॅलेंडर उघडून तारीख काढली. आणि मग माझ्या डोक्यात ती योजना आली.

आमच्या घरी मौनाच्या दिवशी खुणा चालतात. आरोहीनं "आई, माझं दप्तर?" विचारलं की मी उजवा कान धरते, म्हणजे देवघरात बघ. डावा कान म्हणजे बाहेरच्या खोलीत. पदर डोक्यावर घेतला, की बाबा आले, पळ आत अभ्यासाला. आता ह्याच खुणा मैदानावर नेल्या तर? उजवा कान म्हणजे माझ्याकडच्या काठानं चेंडू ने. डावा कान म्हणजे पलीकडच्या काठानं. पदर डोक्यावर म्हणजे मागे पळ, आपला गोल वाचव. तोंड उघडायचंच नाही! सरांचा नियमही राहिला, व्रतही राहिलं. बुधवारी रात्री आरोहीला समजावून सांगितलं.

"आई, मी मॅचमध्ये तुझ्याकडं बघू का चेंडूकडं?"

"एक डोळा चेंडूवर, एक माझ्यावर."

"डोळे एवढे लांब नसतात गं!"

पण मुलगी गुणाची. हो म्हणाली.

चार वाजता मॅच सुरू झाली. मैदानापलीकडे निवड समितीच्या एक बाई वही घेऊन बसल्या होत्या. मी जपमाळ घेऊन काठावर बसले. शरणम्मा माझ्या शेजारी. त्यांनी तोंडात बडीशेप कोंबली होती, बोलणं सुटू नये म्हणून. शिवशरण भाऊंनी तोंडावर रुमाल बांधला होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, आमच्याकडे कसली तरी साथ आली आहे.

पहिल्या दहा मिनिटांत माझी योजना दृष्ट लागावी अशी चालली. मी उजवा कान धरला, आरोही अलीकडून गेली. डावा धरला, पलीकडून गेली. पदर घेतला, मागे पळून गोल वाचवला. मग काय झालं कोण जाणे, ती जाईल तिथं समोरच्या संघाची एक उंच पोरगी आधीच उभी! जणू पाटावर बसून वाट बघतेय! मध्यांतरापर्यंत गोल काही झाला नाही. आरोही पाणी प्यायला गेली, तेव्हा समोरच्या संघाकडे वळून वळून बघत होती. मी मनात म्हटलं, हिचं लक्ष कुठं आहे?

दुसऱ्या डावात तर अघटितच घडलं. मी उजवा कान धरला, आणि पोरगी सरळ पलीकडून गेली! मी आणखी जोरात कान धरला. कानातलं टोचलं. ती गेली पलीकडूनच. आणि गोल!

सगळे नाचले. मी सुन्न. आईचं न ऐकून पोरीनं गोल केला होता. आता ह्याचा आनंद मानायचा की बारावं वर्ष लागलं म्हणून काळजी करायची?

पण शरणम्मांनी माझा हात कानावर बघितला होता. बडीशेप गिळून त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या, "अय्यो अक्का! कान धरला अन् गोल झाला की! कुठल्या देवाचं हे?" मी मान हलवली, नाही नाही. त्यांना वाटलं, मी सांगायला तयार नाही. त्यांनी आपले दोन्ही कान धरले आणि सरळ उठाबशा सुरू केल्या!

शिवशरण भाऊंना मात्र हे देवाचं वाटलं नाही. ते पडले व्यापारी. त्यांनी ओळखलं, ह्या खुणा आहेत. लगेच तोंडावरचा रुमाल सोडला आणि गोल गोल फिरवायला लागले. राजनंदिनीला काही ठाऊक असेल तर ना! ती खेळ सोडून काठाशी धावत आली.

"पप्पा, काय झालं? बाथरूमला जायचंय का तुम्हाला?"

तेवढ्यात कुणाच्या तरी आजोबांनी छत्री उघडायला आणि मिटायला सुरुवात केली. एक मावशी घागर फुंकल्यासारख्या हातांवर फुंकर घालत होत्या. पाच मिनिटांत आमचा काठ असा दिसायला लागला, की समोरचे पालक हळूहळू मागे सरकले. त्यांच्यातल्या एका बाईंनी पर्समधून लिंबू काढून मुठीत धरलं!

त्यात ऊन माझ्या तोंडावर आलं. सोलापूरचं ऊन, ते काय व्रत बघतं? मी पदर डोक्यावर घेतला. घेतला आणि जीभ चावली, कारण त्याचा अर्थ "मागे पळ"! पण आरोही मागे फिरलीच नाही. उलट समोरच्या दोन पोरी थबकून तिच्याकडे बघत राहिल्या, आणि ही त्यांच्या मधून पुढे. दुसरा गोल!

आणि शिट्टी वाजली. समोरचे प्रशिक्षक हात नाचवत पंचांकडे धावले. "थांबवा मॅच! या बाई आमच्या पोरींना फसवतायत!"

मी? आणि फसवणार? जिनं उपासाच्या दिवशी साबुदाण्याचा एक दाणा जास्त खाल्ला, तर देवाला सांगितलं, ती?

पंच म्हणजे कोवळा मुलगा, मिसरूडही नीट फुटलेलं नाही. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मागे बिरप्पा सर, त्यांच्या मागे सगळं मैदान.

"मॅडम, तुम्ही खुणा करत होता का?"

मी हात जोडले.

"ही पण खूणच!" समोरचे प्रशिक्षक ओरडले.

बिरप्पा सर माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर चाललं असतं. तिथं दोन वर्षांचा विश्वास होता, आणि तो आता चप्पल घालून निघाला होता.

"ताई, खुणा म्हंजी बोलनंच की. नियम सगळ्यास्नी एकच हाय." मग मैदानाकडे वळून म्हणाले, "आरोही, ये भाईर."

दहा मिनिटं राहिली होती. वहीवाल्या बाईंनी पेन बंद केलं. आरोही मान खाली घालून काठाकडे चालायला लागली. पायातले बूट अचानक तिच्या मापाला मोठे झाल्यासारखे दिसले.

मी सूर्याकडे बघितलं. दिवेलागणीला अजून तास-दीड तास होता. वीस गुरुवार पुरे झाले होते, एकविसावा हातातोंडाशी. बोलले तर व्रत मोडणार, आणि व्रत होतं आरोहीच्या निवडीसाठी. नाही बोलले तर आरोही बाहेर. देवा, हा कसला पेपर काढलास रे!

मी उभी राहिले. जपमाळ गळ्यात घातली आणि तोंड उघडलं.

"चूक माझी आहे!!!"

वीस गुरुवारांचा साठलेला आवाज एकदम बाहेर पडला. कडुलिंबावरचे कावळे उडाले. पंचाच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. शरणम्मा उठाबशीत बसल्या त्या बसल्याच. समोरच्या बाईंच्या मुठीतलं लिंबू घरंगळलं. मला स्वतःलाच मागे वळून बघावंसं वाटलं, कोण ओरडलं म्हणून!

"खुणा मी केल्या! पोरीला सांगितलं तेही मीच! बाहेर काढायचं तर मला काढा! तिनं तर माझं ऐकलंसुद्धा नाही हो!"

बिरप्पा सरांनी आरोहीला परत आत पाठवलं आणि पंचाकडे बघितलं. पंचानं खिशात हात घातला आणि मला लाल कार्ड दाखवलं.

आयुष्यात माझ्या एकटीच्या नावानं निघालेलं हे पहिलं कार्ड. घरचं रेशन कार्डसुद्धा सासूबाईंच्या नावावर आहे!

मी फाटकाबाहेर रसवंतीच्या बाकावर जाऊन बसले. रसवाल्यानं विचारलं, "ताई, बर्फ घालू का?" मला बोलायला हरकत नव्हती आता, पण घशातून नुसता वारा आला. आतून एकदा आरडाओरडा झाला, मग टाळ्या. कुणासाठी, ते कळेना. मी डोळे मिटून देवाची क्षमा मागितली आणि सांगितलं, शिक्षा मला दे, पोरीला नको.

बऱ्याच वेळानं आरोही आली. गुडघे मातीनं माखलेले. माझ्या हातातला रस घेऊन एका दमात प्यायली.

"झाली निवड," ती म्हणाली. जणू दप्तर सापडलं.

मला रडूच आलं. "अगं, पण तू माझं ऐकलं का नाहीस? मी उजवा कान धरला, तू पलीकडून गेलीस! पदर घेतला, तू पुढे पळालीस!"

"आई," ती तोंड पुसत म्हणाली, "मध्यांतराला त्यांच्या सरांनी फळ्यावर तुझे कान काढले होते. दोन्ही. बाण पण दाखवले होते. पदर सुद्धा!"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्या सगळ्या पोरी तुझ्याकडं बघून खेळत होत्या. मग मी उलटी गेले. म्हणून तर ते म्हणाले, तू फसवतीस."

मी दोन्ही कान धरले. ह्या वेळी खूण म्हणून नव्हे, माफी म्हणून!

बिरप्पा सर फाटकातून बाहेर आले. मी मान खाली घातली आणि पुटपुटले, "सर, पुन्हा मैदानावर पाऊल टाकणार नाही."

"आसं नका म्हनू, ताई," सर इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले. "पुढची मॅच बी गुरुवारीच हाय. तुमी या. गप बसा. फकस्त कान उघडं ठेवा, समोरच्यांस्नी दिसत्याल आसं."

मी पुन्हा पहिल्या गुरुवारपासून सुरुवात केली आहे. ह्या वेळी मागणं काही नाही, निव्वळ प्रायश्चित्त. मौन कडक पाळते, माळ ओढते, आणि मैदानावर काठाला बसते. आता मध्येच कानाला खाज सुटली, तर त्याला मी काय करणार?