गजराक्काच्या वेली आणि नेमाचा चोर

एका जंगलात, बाळांनो, उन्हाच्या उतारावर गजराक्का नावाच्या अस्वलिणीची द्राक्षबाग होती. अस्वल मध खातं हे मलाही ठाऊक आहे. ही द्राक्षं लावायची. गप्प बसून ऐका.

त्या द्राक्षांची ती तांबडी वाइन करायची. वाइन म्हणजे काय, हे इथे विचारायचं नाही आणि घरी तर मुळीच विचारायचं नाही.

वेली तिच्या पणजीच्या. म्हणजे अगदी त्याच नव्हेत. त्या घराण्याची एक रीत होती. द्राक्षं पिकली की गजराक्का चाखत चाखत बागेतून हिंडायची. ज्या वेलीचा घड मनात भरेल, तिला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. दसऱ्यानंतर छाटणी झाली की चिंधीवाल्या वेलींच्याच काड्या पुन्हा लावायच्या. पणजीनं हेच केलं, आजीनं हेच केलं. अस्वलीण लुगडं नेसते का, असं ज्याला विचारायचं असेल त्यानं उठून जावं.

गजराक्काला मूलबाळ नव्हतं. आपल्यामागं ही चव राहील ना, एवढी एकच काळजी तिला खायची.

ओढ्यापलीकडे भिक्या वानर राहायचा. दरवर्षी छाटणी झाली की तो येऊन काड्या पळवायचा. त्याही नेमक्या चिंधीवाल्या.

"मेल्या, तुझं वाटोळं होईल!" गजराक्का दगड घेऊन धावायची.

"होऊ दे की आक्का," असं म्हणून भिक्या झाडावर.

एकदा सिंहमहाराजांनी ती वाइन चाखली. मिशा चाटल्या. मग म्हणाले, "हा तर आपल्या जंगलाचा वारसा!"

झालं. वारसा म्हटलं की समिती आलीच. अध्यक्ष बारशिंगेसाहेब. शिंगं जड, त्यामुळे मान कायम ताठ. त्यांनी बागेला काटेरी कुंपण घातलं, पाटी ठोकली आणि गजराक्काच्या हातातली कात्री काढून घेतली.

"अहो साहेब, छाटलं नाही तर द्राक्षं कुठून यायची?"

"वारशाला कात्री लावता? जनाची नाही, मनाची तरी ठेवा बाई!"

"पण मग वाइन?"

"ती होईल न होईल. वेल आहे तश्शी राहिली पाहिजे."

वेल काही आहे तशी राहिली नाही. आधी नुसता पाला माजला. मग पानांवर पांढरी भुरी पडली. दोन हंगामांत सगळी बाग वाळून गेली. बारशिंगेसाहेबांनी वाळक्या खोडांना तेल लावून घेतलं. दरबारात त्या वर्षी जांभळाचा रस वाढला, आणि सगळे म्हणाले, "वा! वारसा तो वारसा!"

गजराक्का कुंपणाबाहेर बसून रडली. हमसून हमसून रडली. मला हे सांगताना बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

भिक्या भोपळ्याचा तुंबा घेऊन आला. "आक्का, घोटभर घ्या."

तिनं एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग ओरडली, "मेल्या, ही माझी आहे!"

"तुमचीच. चोरलेली."

ती तशीच ओढा ओलांडून गेली. पलीकडे वेली घडांनी लगडल्या होत्या. काहींना चिंध्या बांधल्या होत्या.

"आणि ह्या चिंध्या रे?"

"त्याही तुमच्याच. दोरीवरनं ओढल्या."

गजराक्कानं मारायला हात उचलला, तो मध्येच एका घडाकडे वळवला. चाखून म्हणाली, "हिला कशाला बांधलीस, गाढवा? त्या कडेच्या वेलीला बांध."

अशी गोष्ट लपते थोडीच! बारशिंगेसाहेब तारेचं भेंडोळं घेऊन हजर झाले. सोबत समितीचे तज्ज्ञ, कोल्हेसाहेब.

"आक्का, ही तुमच्या पणजीचीच वेल ना? नुसतं हो म्हणा. आत्ता संरक्षण देतो. पाटीवर तुमचं नावही घालतो."

हो म्हणायला गजराक्काची जीभ शिवशिवली. पणजीचं नाव जगानं घ्यावं, असं तिला जन्मभर वाटत आलं होतं. तिनं एकदा तारेकडे पाहिलं.

"इश्श! ही कसली माझी वेल? रानटी झुडूप आहे मेलं. खाऊन जीभ सोलली माझी."

साहेबांनी तज्ज्ञांकडे पाहिलं. कोल्हेसाहेबांनी मान वर केली. घड हाताला येत नव्हते.

"आंबट आहेत," ते म्हणाले. त्यांच्या घराण्याचा या विषयात मोठा अधिकार होता.

समिती भेंडोळं उचलून परत गेली.

दर दसऱ्यानंतर गजराक्का अजून ओढ्यापलीकडे जाते. कात्री भिक्याची. ती कुठून आणली, हे ती विचारत नाही. काड्या मात्र त्यानं मागायच्या नाहीत, चोरायच्या, असं तिनं बजावून ठेवलंय. दगडही मारते. नेम चुकवून मारते.

तात्पर्य: वाडवडिलांची ठेव टिकावी असं वाटत असेल, तर मुलांनो, दाराला कुलूप लावू नये. नेमानं येणारा एक चोर सांभाळावा. आणि साहेब विचारायला आले, तर बेधडक खोटं बोलावं. परीक्षेत मात्र 'नेहमी खरे बोलावे' असंच लिहा. तपासणारेही साहेबच असतात.