कासारआळीच्या गाळाची हकीकत

श्रीगजाननास नमन, आणि शारदेस नमन, आणि ज्या नदीने यंदा उंबरा ओलांडिला तिजलाही दुरूनच नमन. शके सतराशे तीन, प्लवनाम संवत्सर, श्रावण वद्य पक्ष. ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले तर दोन्ही पक्षांचे लोक काठ्या घेवोन दारी येतील, आणि बखरकाराचे दार जुने आहे. तर त्या राज्यात एक नदी होती, आणि नदीस मिळणारा एक ओढा होता, आणि ओढा जेथे नदीस मिळतो तेथे कासारआळी वसली होती. कासार लोक गावोगाव बांगड्या भरीत फिरत आणि पोट भरीत. आळीतील घरे मातीची. दगडी भिंतींचे घर तेवढे एक, ते कोपऱ्यावर, सगुणाबाई कासारणीचे. नवऱ्याने हयात असता दगड दगड जमवून बांधिले होते. बाई विधवा, जिभेने तिखट, हाताने हलकी. तिच्या हातून बांगडी चढताना कोणाही सुवासिनीस कळ येत नसे, ऐसा तिचा लौकिक. तिची लेक मथुरा पहिल्या बाळंतपणास माहेरी आली होती आणि दिवस भरत आले होते, आणि अशा वेळी पाणी आले.

पाणी ऐसे आले की कोणास भांडे उचलावयास सवड दिली नाही. आळीचे लोक लेकराबाळांनिशी, शेरडाकरडांनिशी टेकडीवरील देवळाच्या ओवरीत गेले. माणसे वाचली, संसार गेले. मग पाणी ओसरले तेव्हा मातीची घरे बसली होती आणि सगुणाबाईचे तेवढे उभे होते, आणि आत गुडघ्याएवढा गाळ, आणि गाळात बांगड्यांच्या पेट्या फुटोन काचच काच. आळीच्या लोकांनी ते पाहिले आणि एकाच्या मनात आले ते सर्वांच्या मनात आले, की हे घर धुवोन काढावे, मथुरेस आत घ्यावे, आणि म्हातारीकोतारी, तान्ही पोरे यांची येथेच दाटीवाटीने सोय करावी. कारण ओवरीस भिंती तीनच, चौथ्या बाजूने पावसाची झड सरळ आत येई. आणि कोंडाबाई सुईण रोज मथुरेच्या पोटास हात लावोन म्हणे, "सगुणे, हिला चार भिंतीच्या आत ने गं. गार वाऱ्यात बाळंतीण झाली तर मी काय करणार? माझ्या हातात वारा अडवायची इद्या न्हाई."

इकडे राज्यात वर्तमान पसरले आणि लोक हळहळले. ती हळहळ खोटी नव्हती, हे बखरकार शपथेवर लिहितो. वरच्या अंगाच्या खेड्यांतून बायांनी भाकरीचे हारे डोईवर आणिले आणि ठेचा आणिला, आणि एका धनगराने अंगावरचे घोंगडे काढोन मथुरेवर घातिले आणि भर पावसात तसाच उघडा गेला. थोरामोठ्यांनीही धाडिले, ते आपआपल्या परीने. कोणी जरीच्या टोप्या धाडिल्या, कोणी खेळावयास गंजिफांच्या पानांचे जोड, एका सरदारीणबाईंनी अत्तराच्या कुप्या. त्या टोप्यांतील एक कोणा वात्रट म्हाताऱ्याने शेळीच्या डोक्यावर ठेविली, आणि पुरानंतर आळीतील बाया पहिल्यांदा हसल्या त्या तेव्हा. देणाऱ्यांचे मन वाईट नव्हते. त्यांस भूक ठाऊक नव्हती, एवढेच.

मग दरबार भरला आणि अपराध कोणाचा हा प्रश्न निघाला. प्रधान राजश्री विसाजीपंत उठोन बोलिले की, "अपराध ओढ्याचा. आमचे आधी हैबतराव प्रधान होते, त्यांनी आपल्या सोयऱ्यांस ओढ्यात वखारी बांधू दिल्या, ओढा तुंबला आणि आळीत शिरला." तेव्हा माजी प्रधान राजश्री हैबतराव ताडकन उठिले आणि बोलिले की, "अपराध नदीचा. वरच्या बंधाऱ्याची दारे वेळेवर उघडिली नाहीत, का तर पंतांस नौकाविहारास पाणी भरपूर असावे." मग हे त्यांस म्हणाले आणि ते यांस म्हणाले, आणि पूर्वजांपर्यंत मजल गेली, आणि दोघांसही मधून मधून गहिवर येत होता, आणि गहिवर आला की ते बातम्या टिपणाऱ्या अखबारनवीसाकडे पाहात. महाराज वयाने लहान, गादीवर नुकतेच बसलेले, मनाने मऊ. त्यांस दोघांचेही पटले. तेव्हा एका हुशार कारकुनाने विनंती केली की, घरात जो गाळ आहे तोच साक्षीदार. गाळ नदीचा निघाला तर अपराध पंतांचा, ओढ्याचा निघाला तर रावांचा. ही तोड सर्वांस मानवली. लागलीच हुकूम सुटला की, निवाडा होईतोपर्यंत कोपऱ्यावरील घरातील गाळ कोणी काढू नये, काढील तो राज्याचा गुन्हेगार. आणि दारावर रायाजी शिपाई भाला देवोन बसविला.

सगुणाबाई खराटा, घमेले आणि चार बाया घेवोन आली तो दारात भाला आडवा. ती म्हणाली, "आरं, हे काय? माझ्या घरात मला जायला मज्जाव?"

रायाजी म्हणाला, "मावशी, घरात जा की. गाळाला तेवढा हात लावू नगा. हुकूम हाय."

"गाळाला हात न लावता त्या घरात उभं ऱ्हायचं तर वटवाघळाचा जलम घ्यावा लागंल, रायाजी!"

रायाजीने मान खाली घातली. त्याचेही झोपडे वाहून गेले होते, आणि त्याची आई त्याच ओवरीत सगुणाबाईशेजारी निजत होती, आणि सगुणाबाईच्या हातची भाकरी त्याने सकाळीच खाल्ली होती. तो हळूच बोलिला, "मावशी, मथुरी मला भणीसारखी. पर नोकरी गेली तर आईला काय घालू?" तेव्हा बाईने त्यास शिव्या द्यावयाच्या त्या पोटातच ठेविल्या, आणि परत गेली, आणि येता जाता भाकरी मात्र त्यास देत राहिली. भुकेल्याशी भांडण काढू नये, ऐसे तिचे मत होते.

मग गाळाची परीक्षा सुरू जाहली. शास्त्री आले, त्यांनी गाळ हुंगिला. एका थोर पंडितांनी चिमूटभर जिभेवर ठेवोन डोळे मिटले आणि "कषाय", म्हणजे तुरट, ऐसे बोलिले, आणि त्यानंतर ते कित्येक दिवस दरबारात दिसले नाहीत. पंतांची माणसे आली, त्यांनी जाताना ओढ्यातील काळी राड दोन हंडे ओतिली, म्हणजे साक्षीदार बळकट व्हावा. ते रावांच्या माणसांस समजले, त्यांनी भर दुपारी नदीची रेती पाट्या भरभरोन आत टाकिली आणि वर मासे ठेविले. रायाजीने कोणास अडविले नाही, कारण गाळ काढू नये ऐसा हुकूम होता, घालू नये ऐसा नव्हता. याप्रमाणे पूर ओसरला तरी सगुणाबाईच्या घरात गाळ चढतच होता. गुडघ्याचा मांडीपर्यंत आला, आणि मासे कुजू लागले, आणि वास टेकडीपर्यंत जाऊ लागला. बाई रोज दारात येवोन उभी राही आणि भिंतीकडे पाही. तो एकेक दगड नवऱ्याने पाठीवर आणिलेला; ती मुकाट्याने रडे आणि पदराने तोंड पुसोन टेकडी चढे.

सांत्वनासही थोर थोर लोक आले. हैबतराव आले ते चितारी घेवोन आले. चिताऱ्याने कागद पसरिला आणि म्हणाला, "बाई, राव आपले सांत्वन करीत आहेत. जरा डोळ्यांस पदर लावावा." बाई म्हणाली, "पदर चिखलाचा हाय, डोळं चुरचुरत्यात." तरी रावांनी तिच्या मस्तकावर हात ठेविला आणि चित्र पुरे होईतोपर्यंत ठेविला, आणि बाईची मान अवघडली. त्यांच्या पाठोपाठ विसाजीपंत आले, त्यांनी साडीचोळी दिली आणि सद्गदित होवोन बोलिले की, "बाई, आपले दुःख ते राज्याचे दुःख."

"मग राज्याला दोन खराटं धाडायला सांगा की," बाई म्हणाली. "साडी नको मला. माझी लेक अवघडलीया. तेवढा गाळ काढायचा परवाना द्या."

"धीर धरावा," पंत बोलिले. "अपराधी सापडला की आपणांस न्याय मिळेल."

"न्याय पाहिजेच मला! पर न्यायाची वाट बघत प्वार पोटात ऱ्हाईल का?" पंतांनी पुन्हा साडीकडे बोट केले आणि पालखीत बसले.

मग एके सकाळी दोन गोष्टी एकदम जाहल्या. ओवरीत मथुरेस कळा लागल्या, आणि इकडे खासा महाराज गाळ पाहावयास आले. झड ऐसी लागली होती की ओवरीतील विस्तव चारदा पेटविला आणि चारदा विझला. मथुरा आईचा हात धरोन म्हणाली, "आये, लई थंडी वाजतीया गं." सगुणाबाईने कोंडाबाईकडे पाहिले, आणि कोंडाबाईने नुसती मान हालविली. राज्याचा गुन्हेगार होणे काय आणि लेक गमाविणे काय, यात तिला निवड करावयास क्षणही लागला नाही. तिने पदर खोचला, खराटा उचलिला आणि टेकडी उतरली, आणि आळीच्या बाया हाती लागेल ते घेवोन तिच्या मागे.

घरात महाराजांकरिता गाळात उंच चौरंग मांडिला होता, त्यावर महाराज बसले होते, पाय गाळात. एका अंगास पंत, दुसऱ्या अंगास राव, दोघांचे वाक्य एकाच वेळी चालू. रायाजीने बाईस येताना पाहिले. तिच्या तोंडाकडे पाहताच त्यास सर्व समजले. त्याने भाला भिंतीस टेकविला आणि घागर उचलोन नदीकडे पाण्यास निघाला. नोकरीचे पुढे पाहू, ऐसे त्याने मनाशी म्हटले. बाई आत शिरली ती कोण बसले, कोण उभे हे न पाहाता थेट कोपऱ्यातून गाळ ओढू लागली. ओढता ओढता चौरंगापाशी आली, पुढे कोवळ्या पोराचे दोन पाय दिसले, तेव्हा घरात काम करणारी कोणतीही बाई जे बोलेल तेच ती बोलिली:

"पाय उचल रे लेकरा."

आणि महाराजांनी पाय उचलिले. दरबारी लोकांस घाम फुटला. "महाराज, पुरावा! पुरावा चालला!" म्हणोन पंत ओरडले, आणि राव त्याहून मोठ्याने ओरडले, आणि त्या राज्यात त्या दोघांचे एकमत जाहले ते हेच पहिले. तेव्हा बाईने वर पाहिले, शिरपेच पाहिला. पण खराटा हातातून सुटला नाही. महाराज पाय वर धरोनच बोलिले, "बाई, अपराध कोणाचा हे तुम्हांस जाणावयाचे नाही काय?"

बाई म्हणाली, "जाणायचं हाय, म्हाराज. का न्हाई? ज्यानं माझं घर बुडवलं त्याला सोडू नगा. पर बंधारा तिथंच हाय आन वढाबी तिथंच हाय. उद्या जाऊन बघा, परवा जाऊन बघा, त्ये काय पळून जात न्हाईत. माझी लेक वर पावसात कळा देतीया, तिला उद्या न्हाई."

मग महाराजांनी विचारिले, "मग आम्ही पाय कोठे ठेवावे?" हे विचारताना त्यांचा स्वर राजाचा नव्हता, चुकलेल्या पोराचा होता, आणि बाईस त्याची माया आली. ती म्हणाली, "ठेवा खाली. जपून ठेवा पर, बांगड्याची काच हाय." आणि रिकामे घमेले त्यांच्या हाती दिले.

महाराज उतरले आणि घमेले धरोन उभे राहिले, मग भरलेले घमेले दारापर्यंत नेले, आणि मग दरबारास हात बांधोन उभे राहाणे शक्यच नव्हते. पंतांनी घमेले घेतले, रावांनी घेतले. एकाने दुसऱ्याहून जड घेतले हे सांगणे न लगे. गाळ कोपऱ्याबाहेर चव्हाट्यावर पडला, नदीचा ओढ्याचा सगळा एकत्र. रायाजीने घागरीवर घागर ओतिली, बायांनी फरशी घासली, चुलीत विस्तव घातला, आणि मथुरेस धनगराच्या घोंगड्यात घालोन आणिले. पुरुष ओसरीखाली पावसात उभे राहिले. महाराजही राहिले. आतून लेकराचा आवाज आला तेव्हा पंत आणि राव दोघांच्याही डोळ्यांस पाणी आले, आणि तेथे चितारी नव्हता, म्हणोन ते खरे मानावे लागते.

पुढील हकीकत थोडकी. महाराजांनी बंधारा आणि ओढा स्वतः पायी जावोन पाहिले, तो दारेही गंजलेली आणि ओढाही बुजलेला. दोघांसही समज दिली. किती समज आली हे या बखरकारास ठाऊक नाही. वखारी हालल्या, दारांस तेल घातिले, तेही आळीच्या बाया वर्षभर दरबारात जावोन बसल्या तेव्हा. त्यांत सगुणाबाई पुढे असे. गाळ चव्हाट्यावरच पडोन राहिला. तो माझा, ऐसे म्हणोन न्यावयास कोणी आला नाही. मथुरेची मुलगी रांगू लागली तेव्हा पहिली रांगत गेली ती त्याच ढिगावर, आणि हातापायांस, तोंडास गाळ माखोन रडत परत आली. सगुणाबाईने तो कोणाचा हे विचारिले नाही. पोरीचे हातपाय धुतले, पदराने पुसले आणि तिला घरात घेतले. इतके जाहले ते लिहिले. कमी असेल ते आळीतील बायांस विचारावे, अधिक असेल ते बखरकाराचे.