मुकुंदराव आणि उपाशी चित्तीण

मुलांनो, आफ्रिकेतल्या एका भल्यामोठ्या अभयारण्यात नाशिपे नावाची चित्तीण राहत होती. अभयारण्य म्हणजे जिथे प्राण्यांनी माणसांना भ्यायचं नसतं. कंटाळायचं की नाही, याबद्दल नियम नाही.

नाशिपेची दोन पिल्लं कालपासून उपाशी होती. नाशिपे हरणामागे दबकत निघाली की गाड्या यायच्या. माणसं तिचे फोटो काढायची आणि तोवर हरीण पसार व्हायचं.

"आई, ही कोण?" एका पिल्लाने विचारलं.

"आपल्यावर प्रेम करणारी माणसं."

"मग आपण जेवायचं कधी?"

"त्यांचं मन भरलं की."

तेवढ्यात आणखी एक जीप आली. तिच्यात पुण्याचे मुकुंदराव दाबके होते. वन्यजीवमित्र मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच सज्जन. समोरचा प्रकार पाहून ते संतापले. जीपमध्ये उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, "अहो, जरा लाज बाळगा. तिची पोरं भुकेली आहेत. गाड्या मागे घ्या."

माणसं खरंच ओशाळली. एकेक गाडी निघून गेली. नाशिपेला हा माणूस बरा वाटला.

"साहेब, आता आपणही निघू या," ड्रायव्हर कोइनेत म्हणाला.

"आपण? आपण गेलो तर तिच्याकडे लक्ष कोण देणार?"

नाशिपे गवतातून पोटावर सरकत पुढे गेली. हरीण आता अगदी टप्प्यात आलं. मुकुंदरावांना भरून आलं. "शाब्बास, बाळा," ते पुटपुटले. पण आवाज मंडळात भाषणं करून कमावलेला होता. हरणाने मान वर केली, आणि ते गेलं.

नाशिपे त्यांच्याकडे बघत राहिली. रागावण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. मग तिने पिल्लांना घेतलं आणि कोरडा ओढा ओलांडून ती अभयारण्याबाहेर गेली.

तिकडे संरक्षण वगैरे काही नव्हतं. एक गुराखी होता. त्याने तिला पाहिलं, गाई दुसरीकडे वळवल्या आणि तो आपल्या वाटेने गेला. दिवस मावळायच्या आत नाशिपेला एक गलेलठ्ठ ससा मिळाला. पिल्लं पोटभर जेवली आणि तिच्या अंगावर लोळली.

मुकुंदरावांनी हे दुर्बिणीतून पाहिलं. त्यांचे डोळे पाणावले.

पुण्याला परतताच त्यांनी सह्यांची मोहीम सुरू केली : अभयारण्याची हद्द ओढ्यापलीकडे वाढवा, तिकडे चित्ते आहेत आणि त्यांना बघायला कुणीच नाही. तुमच्या आईबाबांनी सही केली. मीही केली.

तात्पर्य : ज्यांच्यावर आपलं प्रेम आहे, त्यांना कधीही एकटं सोडू नये. आपल्यावाचून त्यांचं छान चाललेलं पाहण्याची वेळ येते.